वर जाण्याचा फॉर्म

टेबलावर दोनशे कोरे फॉर्म होते. दोन निळी पेनं होती, त्यांतलं एक चालू. स्टेपलर एक, पिना अठ्ठावीस. पुठ्ठ्याचं एक खोकं होतं, त्यात पूर्वी मिक्सर आला होता आणि आता त्यावर स्केचपेननं 'जमा' असं लिहिलं होतं. टेबलामागे महांतेश हालकुडे बसला होता आणि त्याची नाडी मिनिटाला ब्याऐंशी होती. मनगटावर तीन बोटं ठेवून, समोरच्या घड्याळाकडे बघत ती त्यानं स्वतःच मोजली होती. भीती वाटली की माणसं देवाचं नाव घेतात. महांतेश रीडिंग घेत असे.

भ्यायला कारण होतं, आणि ते कारण लातूरच्या पोलीस ठाण्यात एका फायलीत पडून होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या महांतेशला नांदेडच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. हजर व्हायला एकच कागद कमी होता, पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. अर्ज करून सोळा दिवस झाले होते. या सोळा दिवसांत महांतेश सायकलवर हेल्मेट घालून हिंडला, रस्त्यात कुणाशी मोठ्या आवाजात बोलला नाही आणि गल्लीत दोन कुत्री भांडत होती तर साक्षीदार व्हायला नको म्हणून मागच्या मागं वळला. आपलं चारित्र्य चांगलं आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. पण चांगली वस्तू पडताळायला घेतली की हमखास फुटते, हे तो प्रयोगशाळेत शिकला होता.

मग अशा नाजूक दिवसांत त्यानं हे टेबल का मांडलं? तर नांदेडच्या होऊ घातलेल्या साहेबांनी फोनवर सहज विचारलं होतं, "ऑक्टोबरात इथं विज्ञान मंडळाचं अधिवेशन आहे. एखादा छोटासा पेपर वाचणार का?" साहेबांच्या 'सहज'ला किती वजन असतं, हे मोजणारा काटा अजून निघालेला नाही. महांतेश हो म्हणाला. विषयही त्यानंच काढला. सामान्य माणसाला कुतूहल कुणाचं जास्त, देशानं पाठवलेल्या अंतराळवीराचं, की पैसे भरून अंतराळाच्या सहलीला जाणाऱ्या प्रवाशाचं? दोनशे माणसांना चार प्रश्न विचारायचे, बेरीज करायची, भागायचं. यात भिण्यासारखं काय होतं?

ते वडिलांनी दाखवून दिलं. वीरण्णांचं गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि टेबल त्याच दुकानाच्या पायरीवर होतं. पातेलं घेताना गिऱ्हाईक जसं बोटाच्या पेरानं वाजवून बघतं, तसा वीरण्णांनी फॉर्म उलटासुलटा करून वाजवून बघितला.

"तिसरा प्रश्न. 'संधी मिळाल्यास वर जाल का?' हे कुणाला विचारायलास तू?"

"सगळ्यांना, अप्पा."

"म्हाताऱ्याकोताऱ्यांनाबी?"

"वयाची अट नाही."

"अरे, आपल्या लिंगायतात माणूस वर गेला म्हणजे चौघं मिळून त्याला खाली पुरतात! गिऱ्हाईकाला दारात गाठून 'वर जाता का' म्हणून विचारल्यावर ते चमचा तरी घेईल का माझ्याकडनं?"

"वर 'अंतराळात' असा शब्द आहे, अप्पा. दुसऱ्या प्रश्नात."

"माणूस दुसरा प्रश्न वाचून तिसऱ्याला भेतंय का? तिसरा वाचून भेतंय."

हे निरीक्षण बिनचूक होतं. पण दोनशे प्रती आधीच काढून झाल्या होत्या. चौथा प्रश्न असा होता : 'वर जाण्याची भीती किती वाटेल? शून्य ते दहा यांपैकी आकडा लिहा.' हा प्रश्न महांतेशचा लाडका होता. भीतीला आकडा देता आला की ती निम्मी होते, असं त्याचं मत होतं. संध्याकाळपर्यंत दोन फॉर्म भरून आले. त्यांतला एक, पेन चालतंय का ते बघायला वीरण्णांनीच भरला होता.

खरी गोष्ट तहसीलसमोर घडत होती.

तहसीलसमोर महेबूबभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. महेबूबभाईंचा एक जुना रिवाज होता : ज्या फॉर्मची प्रत एकदा यंत्रातून निघाली, त्याची एक प्रत दुकानातल्या दोरीवर चिमट्यानं लटकायची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, विहीर, शिलाई मशीन, विधवा पेन्शन. लटकलेल्या फॉर्मला आज ना उद्या गिऱ्हाईक येतंच, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. महांतेश प्रती काढायला आला तेव्हाच त्यांनी मूळ कागद डोळ्यांसमोर धरून म्हटलं होतं, "महांतेशभाई, इसमें शेवटची तारीख कुठाय? तारखेबिगर माणूस फॉर्म भरतंय होय? कुणीबी म्हणेल, उद्या भरू."

महांतेशला ते शास्त्रशुद्ध वाटलं.

"मग कोणती टाकू?"

"महिना अखेर टाका. तीस सप्टेंबर. माझ्या सगळ्या फॉर्मची तीच चालू हाय."

आणि महेबूबभाईंनी स्वतःच्या सुबक अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं : अंतिम तारीख ३० सप्टेंबर.

लातुरात तीस सप्टेंबर ही तारीख कॅलेंडर बघून कुणाला समजून घ्यावी लागत नाही. किल्लारीचा भूकंप झाला तो दिवस. महांतेश त्यानंतर आठ वर्षांनी जन्मला. शाळेत त्यानं त्या भूकंपाची तीव्रता दशांश चिन्हासकट पाठ केली होती. पण फॉर्मवर ती तारीख पडली तेव्हा तो प्रतींसाठी आणलेले कोरे कागद मोजत होता. एकशे शहाण्णव, एकशे सत्त्याण्णव. मोजणाऱ्या माणसाचं लक्ष नेहमी मोजण्यातच असतं.

चौथ्या दिवशी तो सायकलवरून तहसीलसमोरून चालला होता, तर महेबूबभाईंच्या दुकानापुढं रांग. त्यानं सवयीनं मोजली. सदतीस माणसं. पुढच्याच्या हातातला कागद ओळखीचा वाटला म्हणून तो जवळ गेला. फॉर्म त्याचा होता. फॉर्मला आधार कार्डाची झेरॉक्स टाचली होती, त्याखाली रहिवासी दाखला, दोन फोटो आणि सगळ्यात खाली भूकंपग्रस्त प्रमाणपत्र.

रांगेत चर्चा रंगात आली होती.

"मी सरकारीवर खूण केली बाबा," एक फेटेवाले सांगत होते. "अंतराळवीर म्हंजे सरकारी. प्रायवेटचं काय खरं न्हाई. तुळजापूरला ट्रॅव्हल्सनं गेल्तो, तर मधीच उतरवून दिलं. म्हणला, मागनं दुसरी गाडी यायलीय."

"वर मधीच कुठं उतरावं माणसानं?"

"हाव की! तेच म्हणायलोय."

"आन् ते परदेशातले शेठ लोक अकरा मिनिटांत खाली येतेत म्हणं," मागची एक बाई म्हणाली. "अकरा मिनिटांत औसा बी येत न्हाई. त्येला काय जाणं म्हणतेत? आपला माणूस गेल्ता तर कसा दिवसच्या दिवस ऱ्हाऊन आला. टीव्हीत बघून आमच्या सासूबाईनं उपास धरला त्येच्यासाठी. शेठसाठी कोण धरतंय?"

पेपरसाठी याहून चांगलं वाक्य मिळणं शक्य नव्हतं, हे महांतेशच्या लक्षात आलं. पण त्यानं पेन काढलं नाही. रांग मोडून तो काउंटरला भिडला.

"महेबूबभाई, हे काय चाललंय?"

"अरे, आप का फॉर्म तो हिट है! दीडशे गेले."

"हा सर्व्हे आहे! योजना नाही!"

"मैं कब बोला योजना है? मैं कुछ बोलाच नहीं. लोक विचारले, आधार लावायचं का? मी म्हणलो, लावलेलं बरं असतंय. ते तारीख बघून म्हणले, मग हे भूकंपग्रस्तांसाठीच असंल. मी म्हणलो, असंल बाबा, तारीख तर तीच हाय."

"पण तारीख तुम्ही टाकलीत!"

"आन् तुमी हौ म्हणले," महेबूबभाई शांतपणे म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाईकाची झेरॉक्स काढायला वळले.

भिंतीवरच्या 'येथे खालील फॉर्म मिळतील' या यादीत सोळाव्या क्रमांकावर खडूनं नवीन शब्द लिहिला होता : अंतराळ. पंधरावा विहीर होता. नाडी शंभराला दोन कमी.

महांतेशनं तिथल्या तिथं एका कोऱ्या कागदावर सूचना लिहिली आणि ठळक अक्षरांत दुकानाच्या शटरला चिकटवली. 'हा केवळ अभ्यासासाठीचा सर्व्हे आहे. यातून कोणासही अंतराळात पाठवले जाणार नाही.' वाक्यात कुठंही संदिग्धता नव्हती. तासाभरात गावभर बातमी पसरली की यादी आतल्या आत भरली. आमदारांच्या साडूचा नंबर लागला असून बाकीच्यांना आता 'पाठवले जाणार नाही'. तशी पाटीच लागली आहे. दुसऱ्या दिवशी रांगेत बावन्न माणसं होती, आणि आता ती चिडलेली होती.

चिडलेल्यांत सगळ्यात मोठे होते गुरुबसप्पा. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त तलाठी. कागद लिहिण्याचा हात अजून तसाच. त्यांनी पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची एक प्रत सभ्यपणे दुकानात आणून दिली. 'विषय : मला वर पाठविणेबाबत व न पाठविणेबाबत.' पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की सदर इसम महांतेश वीरण्णा हालकुडे याने अर्जदारासारख्या वयोवृद्धास 'वर जाल का' असे विचारून मानसिक धक्का दिला. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की अर्जदाराने वेळेत फॉर्म भरूनही त्याचे नाव यादीत नाही, तरी ज्येष्ठतेनुसार पहिली जागा मिळावी.

"अप्पा, दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील?" महांतेशनं वडिलांना विचारलं.

"तलाठी होता रे त्यो," वीरण्णा म्हणाले. "त्येच्या सातबाऱ्यावर एकाच रानात ऊस बी असायचा आन् पडीक बी असायचं."

शेजारचे शिवमूर्ती वकील चष्मा पुसत आले. वकिलांच्या येण्यानं धीर येतो असा समज आहे. "आधी फसवणुकीला चारशेवीस होतं," ते म्हणाले. "आता नव्या कायद्यात तीनशे अठरा. आकडा कमी झाला म्हणून शिक्षा कमी झाली, असं मात्र समजू नको." त्यांनी फॉर्म वाचला. "नाव घेतलंस, आधार घेतलंस, तारीख दिलीस. पोराऽ, तू तर सगळं पुराव्यासकट केलंस. इतका व्यवस्थित आरोपी मी बघितला नव्हता."

"मी आधार मागितलंच नव्हतं, काका."

"ते खोक्यात हाय का न्हाई?"

होतं. दोनशे दहा आधार कार्डांच्या प्रती त्या मिक्सरच्या खोक्यात होत्या. महेबूबभाईंनी सगळे भरलेले फॉर्म इमानेइतबारे दुकानात आणून टाकले होते. महांतेशला पहिल्यांदाच जेवण गेलं नाही. त्याला दिसत होतं : ठाण्यात एका टेबलावर त्याचा चारित्र्याचा अर्ज, त्याच टेबलावर गुरुबसप्पांची तक्रार, दोन्हींमध्ये फार तर एक फूट अंतर, कुणीतरी चहाचा कप ठेवायला कागद सरकवणार, आणि दोन्ही कागद एकमेकांवर येणार. आई पार्वतम्मा म्हणाली, "कशाला भेतूस? तू काय केलंस?" पण 'काय केलंस' हाच तर प्रश्न उद्या पोलीस विचारणार होते, फक्त वेगळ्या आवाजात.

तीस तारखेला सकाळी दहाला भुजंग जमादार आले.

घराच्या ओसरीवर, आदल्या रात्री दुकानातून आणलेल्या खोक्याशेजारी खुर्चीत बसून त्यांनी पिशवीतून कागद काढले. एक महांतेशचा अर्ज होता. दुसरा गुरुबसप्पांचा. दोन्हींना एकच टाचणी होती. एक फूट अंतराचा अंदाज चुकला होता.

"तू हालकुडे?"

"हो. म्हणजे, हो."

"लोकांना वर पाठवायलास म्हणं."

"नाही साहेब. फक्त विचारलं."

"बरं." भुजंग जमादारांनी पेनाचं टोपण काढलं. "चारित्र्याला शेजारचा एक जबाब लागतोय. शेजारी कोण हाय?"

शेजारी कोण आहे ते सांगायची वेळच आली नाही, कारण शेजार फाटक उघडून स्वतःच आत येत होता. दानम्माकाकू. पासष्ट वय, मूळच्या किल्लारीच्या. भूकंपानंतर लातुरात आल्या. मुलानं पुढं शेजारीच पक्कं स्लॅबचं घर बांधलं, पण दानम्माकाकू त्या स्लॅबखाली एक दिवस झोपल्या नाहीत. अंगणात पत्र्याची खोली होती, बत्तीस वर्षं त्या तिथंच. आज त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं, कपाळाला ताजी विभूती होती आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून शालीचं टोक आणि डब्याचं झाकण दिसत होतं.

महांतेशच्या मनात एक अशुभ शंका आली, आणि ती पूर्ण व्हायच्या आत जमादारांनी विचारलं, "आजी, हे पोरगं कसं हाय?"

"लई गुणाचं हाय," दानम्माकाकू म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांचं लई करतंय. मला आज वर पाठवायलंय."

जमादारांचं पेन थांबलं.

"कुठं?"

"वर. तयारी करूनच आले. सुनेला सांगितलं, माझी वाट बघू नकू. तिला बी बरंच हाय."

जमादारांनी महांतेशकडे बघितलं. नाडी मोजायची गरज नव्हती. ती कानात ऐकू येत होती. तरी त्यानं मोजली, कारण दुसरं काही सुचेना. एकशे सव्वीस.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं, आज म्हणून?"

"फारमावर हाय की. शेवटची तारीख. तारीख बघितली आन् वळखलं मी, हे आमच्यासाठीच काढलंय सरकारनं. घरं दिली, पत्रे दिले, आता हे दिलं." त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून घडी घातलेलं भूकंपग्रस्त प्रमाणपत्र काढून ओसरीवर ठेवलं. कागदाच्या घड्या फाटून त्याचे चार तुकडे झाले होते आणि ते चिकटपट्टीनं जोडले होते. "महांतेश, एवढंच सांग. वर जमीन हलत्या का रे?"

"वर जमीनच नसते, काकू," महांतेश म्हणाला. विज्ञानाच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या, एसटीची वाट बघत बसावं तशा.

आता एक गोष्ट सांगणं भाग होतं. ती सांगितली तर जमादारांसमोर कबुलीजबाब होणार होता, की दोनशेच्या वर माणसांचे कागद घेतले आणि द्यायला काही नव्हतं. नाही सांगितली तर ही बाई संध्याकाळपर्यंत पायरीवर बसणार होती. महांतेशला नांदेडची प्रयोगशाळा दिसली, तिथलं ते नवंकोरं उपकरण दिसलं, ज्याचं झाकण अजून त्यानं उघडलं नव्हतं. मग त्याला डब्याचं झाकण दिसलं.

तो काकूंच्या शेजारी पायरीवर बसला.

"काकू, कुणी कुठं जाणार नाही. गाडी नाही, विमान नाही, काहीच नाही. मी फक्त लोकांना काय वाटतं ते विचारत होतो. चूक माझी आहे. तारीख मी नीट बघितली नाही."

दानम्माकाकूंनी शालीचं टोक पिशवीत ढकललं.

"मग विचारलास कशाला?"

महांतेशनं त्यांची पिशवी उन्हातून सावलीत सरकवली.

"बरं, आता विचारलायस तर लिहून घे," त्या म्हणाल्या. "माझा फारम राहिलाय. वाच."

महांतेशनं चालू पेन घेतलं. नाव, गाव, वय. अंतराळवीर की पर्यटक? "ज्येला धाडलंय त्यो. हौसेनं जाणाऱ्याचं काय." वर जाल का? "पिशवी बघ की माझी." चौथा प्रश्न. "वर जाण्याची भीती किती वाटेल? शून्य ते दहा."

"शून्य."

त्यानं लिहिलं.

"आन् खालचं?"

"खालचं काय?"

"खाली भ्याव किती वाटतंय, ते लिही की. आमी काय वर राहताव?"

"खालचा रकाना नाही काकू फॉर्मवर."

"मग पाड."

महांतेशनं पट्टी घेतली आणि रकाना पाडला. काकूंनी आकडा सांगितला. तो लिहून होईस्तोवर त्या उठल्या होत्या. डबा परत न्यायचा कशाला म्हणून त्यातली दोन धपाटी त्यांनी जमादारांच्या हातावर ठेवल्या आणि फाटक लावून गेल्या.

भुजंग जमादार धपाटं हातात धरून तसेच बसले होते.

"किल्लारीत कुठं होतं यांचं घर?"

"मठाच्या मागं, असं म्हणतात."

"मी नऊ वर्षांचा होतो," जमादार म्हणाले. "भूकंपग्रस्तांच्या जागेवरच भरती झालो." मग पोलिसी आवाज काढून, "त्या खोक्यातले सगळे कागद ज्याचे त्याला परत दे. आधार बिधार ठेवायचं न्हाई. कळलं का?"

"हो साहेब."

जमादारांनी तक्रारीच्या मागं शेरा लिहिला. तो महांतेशला उलटा वाचता आला : 'समक्ष चौकशी केली. सदर इसमाकडे अंतराळात जाणारे कोणतेही वाहन आढळून आले नाही. तक्रार निकाली.' चारित्र्याच्या अर्जावर त्यांनी काय लिहिलं ते वाचता आलं नाही, कारण त्यावर धपाट्याचं तेल सांडलं होतं. जाता जाता ते फाटकापाशी थांबले, परत आले.

"एक फारम दे इकडं. त्यो रकाना पाडून."

त्यांनी पाठ फिरवून तो भिंतीला टेकवून भरला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या हातानं खोक्यात टाकला.

पुढचे सहा दिवस महांतेश सायकलवरून आधार कार्डं वाटत हिंडला. काहींनी घेतली, काहींनी 'पुढच्या यादीत नाव घाल' म्हणून दार लावलं. गुरुबसप्पांनी पोच लिहून घेतली. आठव्या दिवशी दाखला मिळाला, कडेला तेलाच्या डागासह.

ऑक्टोबरात नांदेडला त्यानं पेपर वाचला. सभागृहात एकसष्ट माणसं होती. शेवटच्या तक्त्यावर हे होतं :

एकूण फॉर्म दोनशे चौदा. अंतराळवीरांबद्दल कुतूहल एकशे त्र्याहत्तर, खासगी पर्यटकांबद्दल अकरा, दोन्हींवर खूण तीस. वर जाण्याची भीती, सरासरी सहा पूर्णांक चार.

खालची भीती. नमुने दोन. सरासरी दहा.